जेवून मिटलेलं भांडण

आमच्या गावात भांडण मिटवायची एक रीत होती, आणि ती जेवणाची होती. ज्याने हात उचलला त्याने, ज्याला लागलं त्याच्या घरी जाऊन जेवायचं. वाढायचं त्या घरच्या बाईने. आधी वेशीवरच्या देवीपुढे नारळ फुटायचा, मग गावकीतली चार म्हातारी माणसं ओटीवर पान लावत बसायची आणि आत दोघे भांडखोर शेजारी शेजारी पाटावर. शेवटचा घास पोटात गेला की भांडण संपलं. त्यानंतर ते तोंडातून काढायचं नाही. जो काढेल त्याने ते नव्याने उकरलं असं धरायचं आणि देवीचा दोष त्याच्या माथी. लहानपणी मला यातलं फक्त जेवण कळायचं, कारण अशा दिवशी दोन्ही घरच्या पोरांनाही मागच्या पडवीत बसवून वाढत. मोठ्यांनी अधूनमधून भांडावं असं आम्हाला मनापासून वाटे. हीच रीत एक दिवस माझ्या बापाला कल्याणच्या तुरुंगात नेऊन बसवील, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

टोकावड्याला एसटीतून उतरून ओढा ओलांडला की आमचं गाव. आमच्या घराला लागून गंगाकाकांचं घर. गंगाराम आणि माझे बाबा एकाच वर्षी जन्मलेले, एका शाळेतून एकाच इयत्तेत पळून आलेले. दोन घरांत मिळून एक खळं होतं, आणि भात झोडायच्या दिवसांत त्या खळ्यावर पहाटेपासून पेंढ्या आपटल्याचा धप धप आवाज सुरू व्हायचा. आमच्या घरात आई बोलायची आणि बाबा ऐकायचे. गंगाकाकांच्या घरात मात्र काका बोलत आणि राधाकाकी ऐकून न ऐकल्यासारखं करत. आई म्हणायची, "देवानं जोड्या लावताना माणसं बदलली." बाबांना राग क्वचित यायचा, पण आला की बैलासारखा, समोर कोण आहे ते न बघता. गंगाकाकांची म्हैस आमच्या वरीत शिरली, लागोपाठ दुसऱ्यांदा शिरली, काका हसत म्हणाले की तुझी वरी माझ्या म्हशीला गोड लागते, आणि बाबांनी हातातली काठी घातली. काकांचं मनगट मोडलं. मुरबाडला राहणारा काकांचा मेहुणा त्यांना दवाखान्यात आणि तिथून पोलीस चौकीवर घेऊन गेला. केस झाली. माझे मामा जामीन राहिले, बाबा दोन तारखांना मुरबाडच्या कोर्टात जाऊन बाकावर बसून आले.

मग गावकी बसली, नारळ फुटला, बाबा गंगाकाकांच्या घरी जेवून आले. आणि आमच्यासाठी केस संपली. काकांसाठीही संपली. पुढच्या तारखेला ना हा गेला ना तो. जामिनाच्या वेळी लावलेल्या वकिलांनी एका माणसाकडून निरोप पाठवला, तर बाबांनी त्याला पाणी देऊन सांगितलं, "वकीलसायबाला म्हनावं, आमचं मिटलंय." माणूस पाणी पिऊन गेला. यात कोणी कोणाला फसवलं नाही, कोणाची बुद्धी वाईट नव्हती. गावाने मिटवलं ते कोर्टाला आपोआप कळतं, असा आमचा सगळ्यांचा सरळ समज होता.

पुढच्या वर्षी झोडणीच्या दिवसांत दोन पोलीस थेट खळ्यावर आले. धप धप थांबली. त्यांच्याकडे बाबांच्या नावाचं वॉरंट होतं. सगळ्यात जास्त कोण चिडलं असेल तर गंगाकाका. डोक्यात भाताचा भुसा, अंगाला घाम, ते पोलिसांपुढे मनगट नाचवत उभे राहिले. "अवो सायेब, आमचं मिटलंय! ह्यो बगा हात, पेंढी उचलतोय ना?"

त्यातला मोठा हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांना हातपाय धुऊन सदरा घालू दिला. मग म्हणाला, "तुमचं मिटलं आसंल, बाबा. पण कोर्टाला कोनी सांगितलं का?"

कोणी सांगितलं नव्हतं. खळ्यावरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आज इतक्या वर्षांनी मी शहापूरच्या कोर्टाजवळ, कायद्याची फुकट मदत मिळते त्या खोलीत, आठवड्यातले दोन दिवस स्वयंसेविका म्हणून बसते. किन्हवलीकडून, डोळखांबकडून, कुठून कुठून बायका येतात, टेबलावर पिशवी ठेवतात आणि म्हणतात, "बाई, आमचं तर गावात मिटलंय, मग ह्याला का नेला?" तेव्हा मी त्या हवालदाराचाच प्रश्न विचारते. त्या बायकाही तशाच एकमेकींकडे बघतात.

मुरबाडच्या न्यायाधीशांनी बाबांना कोठडीत पाठवलं. तारखा चुकवल्या म्हणून जुना जामीन रद्द झाला होता, मामांना नोटीस आली होती, आणि ते पाहून गावातला दुसरा कोणी जामीन राहायला धजेना. मी तेव्हा अकरावीत होते. आई आणि मी कल्याणला गेलो. आईने पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, सुकट भाजली, केळीच्या पानात बांधून घेतलं. तुरुंगाच्या दारात बायकांची रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा शिपायाने ते गाठोडं हातानेच बाजूला सारलं. घरचं अन्न आत जात नव्हतं. आईला हे खरंच वाटेना. "माणूस आत हाय, त्याला जेवायला द्यायचं नाय?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि शिपाई पुन्हा पुन्हा तेच उत्तर देत होता, आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

रांगेत आमच्या मागे तानशाकडची शेवंताबाई होती. तिचा मुलगा आत होता आणि तिला त्या दारातलं सगळं पाठ झालं होतं. तिने आईला हाताला धरून भिंतीच्या सावलीत बसवलं. म्हणाली, "सोड ते गाठोडं. आपुन खाऊ. हितं रडत बसलीस तर मुलाखतीचा टाइम जाईल." मग सुकट खात खात तिने आम्हाला शिकवलं. ओळखीचा कागद कुठला लागतो, कपडे कुठले आत जातात, कुठल्या वारी गर्दी कमी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आत असलेल्या माणसाला सरकारकडून वकील फुकट मिळतो, त्यासाठी आतूनच अर्ज करता येतो. "मला हे कळायला लय दिवस लागले," ती म्हणाली, "तुला पयल्याच दिवशी सांगितलं. आता तू दुसरीला सांग." मी आयुष्यात पुष्कळ पुढाऱ्यांची भाषणं ऐकली, पण शेवंताबाईच्या त्या वाक्याएवढं काहीच माझ्या डोक्यात राहिलं नाही. आजही खोलीत आलेल्या बाईला मी ते जसंच्या तसं सांगते.

जाळीपलीकडे बाबा दिसले. चार दिवसांत गालफडं बसली होती. सरकारी वकिलाचा अर्ज करा, असं मी ओरडून सांगितलं, कारण दोन्ही बाजूंनी सगळेच ओरडत होते. त्यांनी अर्ज केला. जे वकील मिळाले ते तरुण होते, आईला "मावशी" म्हणत. त्यांनी कागद वाचून सांगितलं, "मावशी, हे कलम तडजोडीचं आहे. फिर्यादीने, म्हणजे गंगारामने, न्यायाधीशांसमोर उभं राहून सांगायचं की असं असं झालं होतं, आमचं मिटलंय, मला खटला नको. न्यायाधीश परवानगी देतील. खटलाच संपेल, जामीन कशाला शोधता?" आई तिथल्या तिथे हसली. गंगाराम तर घरचाच होता.

पण पुढच्या मुलाखतीला बाबांनी हे ऐकलं आणि जाळीला तोंड लावून म्हणाले, "गंगारामला यातलं काय सांगू नका. त्याला कोर्टात त्या दिवसाचं बोलायला लावू नका. त्यानं मला जेवू घातलंय." आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती अशी काही ओरडली की शेजारचे बोलायचे थांबले. "तुमी आत सडाल आन मी हितं वाल पेरत बसू?"  बाबांनी शपथ घालून सांगितलं की गंगारामला दोष लागेल. परत येताना मुरबाडच्या स्टँडवर आई एकदम म्हणाली, "एका शाळेतून पळालेली दोन गाढवं." मग तिला रडू आलं. मला बाबांचा इतका राग आला होता की रडूही येईना. त्यांना आमच्यापेक्षा देवीचा नारळ मोठा वाटतो, असं मला वाटत होतं.

तरी आम्ही गेलो. गंगाकाकांच्या ओटीवर राधाकाकी वाल निवडत होती. आई बसली आणि तिनेही सुपातले वाल निवडायला घेतले. काका खांबाला टेकून बसलेले. आता गंमत अशी की विषय सगळ्यांना ठाऊक आणि काढायचा कोणी नाही. आई म्हणाली, यंदा ओल बरी हाय. काका म्हणाले, बरी हाय. काकी म्हणाली, शेंग चांगली धरंल.  वालाचे दाणे टोपल्यात पडत होते आणि बाबा कल्याणला होते. माझ्याच्याने राहवेना. "काका, त्या दिवशी काय झालं ते कोर्टात येऊन सांगा ना! बाबा सुटतील!"

आईने माझ्या मांडीला चिमटा काढला, पण बाण सुटला होता. काका उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "सुमे, मला काय तो आत बसावा असं वाटतंय? रोज एकटा पेंढ्या आपटतोय मी. पन शपथ घेऊन चारचौघांत ते सांगायचं म्हंजे मी भांडान उकरलं. मीच त्याला जेवू घातला आन मीच उकरू?" आणि ते गोठ्यात निघून गेले.

आम्ही उठलो. तेव्हा राधाकाकी, जी कधी नवऱ्याच्या बोलण्याला दाद देत नसे, सूप खाली ठेवून गोठ्याच्या दिशेने मोठ्याने म्हणाली, "भांडनाचं बोलायला दोष हाय ना? मंग जेवनाचं बोला. ते मी रांधलंय, मी वाढलंय. त्यात कसलं पाप?"

 तारखेच्या दिवशी सकाळी टोकावड्याच्या थांब्यावर काका धुतलेला सदरा घालून आमच्या आधी येऊन उभे होते. काकी सोबत होती. ती म्हणाली, "ह्यांना एकट्याला पाठवलं तर मुरबाडाहून मागं फिरतील."

बाबांना पोलिसांच्या गाडीतून आणलं होतं. पिंजऱ्यात उभे राहिले ते गंगाकाकांना पाहून दचकले आणि डोक्याने "नको नको" करू लागले. वकिलांनी अर्ज दिला. न्यायाधीशांनी काकांना पुढे बोलावून विचारलं, "यांनी तुम्हाला मारलं होतं?" काका पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे. "अहो, तुमची तक्रार काय होती?"  वकील खाकरले. न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही तोंडाने सांगितल्याशिवाय मला काही करता येणार नाही. सांगायचं नसेल तर मी पुढची तारीख देतो." आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पुढची तारीख म्हणजे पुन्हा ती रांग, पुन्हा ती जाळी.

दारातून राधाकाकीचा आवाज आला, "जेवनाचं सांगा की!" शिपाई तिच्यावर धावला. पण काकांनी मान वर केली होती.

"सायेब, मागलं माज्यानं बोलवत नाय. पन हा माज्या घरी जेवलाय."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. ते कुठले होते कोण जाणे, पण खेड्यातलं काहीतरी त्यांना माहीत असावं. "काय जेवण होतं?" त्यांनी विचारलं.

मग काकांना कंठ फुटला. "तांदळाच्या भाकऱ्या, सायेब. कडव्या वालाचं कालवण, सुकटीची चटणी, आन शेवटाला गूळ घालून खीर. आमी दोगं शेजारी बसलो. गावकी व्हती. हिनं वाढलं."

"तुमच्यावर कोणी दबाव आणला? धमकी दिली?"

"जबरदस्तीनं कोन कुनाला जेवू घालतंय, सायेब? माजी बायको मलाच टायमावर वाढत नाय." कोर्टात हशा झाला. दारातून काकीने कपाळावर हात मारलेला मी पाहिला.

"मग हा खटला तुम्हाला चालवायचा नाही? स्वखुशीने सांगताय?"

"नाय चालवायचा. खुशीनं सांगतोय."

न्यायाधीश बाबांकडे वळले. तारखा चुकवल्याबद्दल चांगलेच खडसावले. "नोटीस काढली, वॉरंट काढलं, तुम्ही आला का नाहीत?" बाबा हात जोडून म्हणाले, "जेवलो व्हतो, सायेब." या वेळी न्यायाधीशही हसले, आणि हसतच त्यांनी तडजोडीला परवानगी दिल्याचं सांगितलं. आईला काय झालं ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती बाकावर बसली आणि पदराने तोंड झाकून हुंदके देऊ लागली.

सुटकेचा हुकूम कल्याणला पोचून बाबा बाहेर यायला दुसरा दिवस उजाडणार होता. आता जामिनाचा हुकूम तुरुंगात ईमेलने जातो, तारीख घरबसल्या मोबाईलवर दिसते, काही ठिकाणी घरचे लोक फोनच्या पडद्यावर भेटतात. कायद्यांची नावंही बदलली. पहिल्यांदाच अडकलेला, निकाल न लागलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याइतका काळ आत राहिला असेल, तर त्याला सोडावं असं नव्या कायद्यात आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि त्याच्यावर आणखी खटले चालू नसावेत. हे मी बायकांना हळूहळू समजावते, कारण त्या "सोडतात" एवढंच ऐकून उठू लागतात. सगळं बदललं म्हणावं, तर मोबाईलवर तारीख दिसत असूनही गावात मिटलं म्हणून न गेलेला माणूस दर महिन्याला एखादा तरी येतोच. मी चिडते, ओरडतेही. आणि मग मला वालाचं कालवण आठवतं आणि माझा आवाज खाली येतो.

ते असं. कोर्टातून परतताना टोकावड्याला आम्ही धाब्यावर चहाला थांबलो. आई आणि काका पुढे बसले होते. काकी माझ्याजवळ सरकली आणि चहाच्या ग्लासात बघत म्हणाली, "तुला एक सांगते. कुनाला बोलू नको. त्या दिवशी मला वाढायचं नव्हतं तुज्या बापाला. ह्यांचा हात गळ्यात बांधलेला, लावणी मी एकटीनं वढली. गावकीनं सांगितलं म्हून रांधलं. पन मीठ घालायच्या आधी त्याच्यापुरतं कालवण येगळं काढलं. म्हटलं, खा अळणी." तिने ग्लास खाली ठेवला. "त्यानं खाली मान घालून सगळं खाल्लं गो. वर अजून वाढ म्हनाला. तवापासून मला समजंना, त्या अळणी घासानं खरंच मिटलं का नाय. त्याला कळलं व्हतं का?"

 मी तिचा हात धरून बसले. बाबा नारळासाठी आत बसलेत असं समजून मी इतके दिवस मनात जळत होते, आणि इथे ही बाई वर्षभर एका वाटीशी झुंजत होती.

बाबा दुसऱ्या संध्याकाळी आले. आईने पाणी तापवलं, अंघोळ घातली, पाट मांडला. गावातली माणसं येऊन बसून गेली. तुरुंगाचं कोणी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. ताट वाढलं एवढ्यात मागच्या दाराने राधाकाकी आली. हातात झाकलेलं पातेलं, त्यात कडव्या वालाचं कालवण. तिने ते स्वतःच बाबांच्या वाटीत वाढलं आणि गेली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाबांनी भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला.

"मीठ बगा," काकी म्हणाली. 

बाबांनी घास गिळला. वर तिच्याकडे पाहिलं. "पयल्यापासून बरोबरच हाय, वैनी," ते म्हणाले.

काकी पदर तोंडात धरून अंगणातून जवळजवळ पळतच गेली. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती मला विचारू लागली, "काय झालं गो हिला?" बाबांनी वाटी पुढे केली आणि आईला म्हणाले, अजून वाढ.